सागाचा हट्ट आणि बांधावरची बाभूळ

परभणी : घर बांधायला काढलेल्या माणसाशी पाच मिनिटे बोलले, की सिमेंट, सळई आणि वाळू या तीन वस्तूंचे भाव हमखास कानावर पडतात. लाकडाचा विषय निघतो तो चौकटी बसविण्याची वेळ दाराशी येऊन ठेपल्यावर, आणि तोही ‘साग की दुसरे काही’ एवढ्यापुरताच. सिमेंटची गोणी घेताना तारीख पाहणारा आणि सळईवरचा शिक्का वाचणारा ग्राहक वखारीत मात्र एका नावावर विश्वास टाकून मोकळा होतो. मग पहिल्याच श्रावणात दार अडकते, दुसऱ्या उन्हाळ्यात फळीला भेग पडते आणि चार-पाच वर्षांत चौकटीच्या पायाशी वाळवीची माती दिसू लागते.

हा प्रश्न जिल्ह्यात नव्याने महत्त्वाचा ठरला आहे, कारण बांधकामेच वाढली आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामीण महाराष्ट्राच्या वाट्याला लाखोंच्या संख्येने घरकुले आली. सपाट प्रदेशातील घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यात ५० हजारांची भर घालण्याचा निर्णय घेतला, त्यातील १५ हजार सौरऊर्जेसाठी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने आणि गोदाकाठच्या पुराने मराठवाड्यात असंख्य मातीच्या भिंती बसल्या. म्हणजे एकीकडे नवी घरे उभी राहत आहेत आणि दुसरीकडे पडलेली पुन्हा उभारली जात आहेत. या रकमेत सागाच्या चौकटी बसविणे कुणालाही परवडणारे नाही. तरीही सागाचा हट्ट सुटत नाही, आणि तो पुरा होत नाही म्हणून जे हाती लागेल ते ओले लाकूड बसविले जाते. खरे नुकसान इथे होते.

मुळात परभणी हा लाकडाचा जिल्हा नव्हे. राज्याच्या भूभागापैकी सुमारे साडेसोळा टक्के क्षेत्र वनाच्छादित असताना परभणीत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाल्यावर जे थोडेबहुत जंगल उरले, ते मुख्यतः जिंतूरच्या डोंगराळ भागात. बाकी सारी काळी जमीन; कापूस, सोयाबीन, ज्वारी आणि ऊस. त्यामुळे इथल्या जुन्या वाड्यांतील सागाचे खांब आणि कोरीव तुळया बाहेरूनच आलेल्या असणार. किनवट आणि त्यापलीकडचे आदिलाबाद हे सागाचे मुलूख निजामाच्याच राज्यात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग परभणी, पूर्णेवरून धावू लागल्यावर लांबून लाकूड आणणे सोपे झाले. पण साग हा देशमुख-देशपांड्यांच्या वाड्याचा. सामान्य शेतकऱ्याच्या माळवदाला बांधावरची बाभूळ, दारातला कडुनिंब आणि मिळेल ते आंब्या-चिंचेचे लाकूड लागत असे, आणि ती घरे दोन-तीन पिढ्या टिकत.

मराठवाड्यातील माणसाचा या लाकडावरचा विश्वास उडाला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. गणपती विसर्जन करून झोपलेली लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील गावे किल्लारीच्या भूकंपात गाडली गेली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ‘लाकूड-मातीचे घर म्हणजे मरण’ हे समीकरण रूढ झाले. परभणीतही माळवदे उतरवून पत्रे चढविण्याची लाट आली.

त्या विध्वंसाचा दोष लाकडावर कितपत जातो, हे पाहण्यासारखे आहे. पडलेल्या भिंती मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या होत्या. आतली आणि बाहेरची अशा दोन थरांत त्या उभ्या केलेल्या, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा घातलेलेच नव्हते. वर माळवदावर वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीचा थर दोन-दोन फुटांवर गेलेला. दहा बाय दहाच्या एका खोलीवर दोन फूट माती म्हणजे ढोबळ हिशेबाने नऊ टन वजन होते. हा भार ज्या घरांत थेट भिंतींवर होता, तिथे भिंत फुटताच सारे छत खाली आले. जिथे माळवद लाकडी खांबांवर तोललेले होते आणि भिंत केवळ आडोसा म्हणून उभी होती, अशा खणाच्या काही घरांत भिंती ढासळूनही छत खांबांवर उभे राहिल्याचे अभियंत्यांच्या पाहणीत आढळले. अर्थात तो सांगाडाही निर्दोष नव्हता. खांब आणि तुळई यांचे सांधे सैल होते, तिरके आधार नव्हते आणि जुन्या खांबांचे पाय कुजलेले होते. पण लाकडाने दगा दिला असे म्हणणे अन्यायाचे होईल. दगा दिला तो दगडाच्या रचनेने आणि मातीच्या वजनाने.

हा इतिहास उगाळण्याचे कारण ताजे आहे. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. दोन्ही वेळा परभणी आणि नांदेडमध्ये भांडी खडखडली. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाकण्याचे आवाहन केले होते. माळवद गेले, पत्रा आला. वाऱ्याने तो उडू नये म्हणून त्यावर दगड आले! पत्र्याखालचे वासे नीट पारखून भिंतीला आणि पत्र्याला पक्के आवळले असते, तर त्या दगडांची गरजच पडली नसती. म्हणून छपराचे लाकूड निवडताना पहिला निकष सरळपणाचा आणि गाठी नसण्याचा. मधोमध मोठी गाठ असलेला वासा सागाचा असला तरी टाकाऊ समजावा, कारण वाकताना सर्वाधिक ताण मध्यावर येतो आणि तो नेमका तिथेच मोडतो.

शहरातील वाचकाच्या घरात आता लाकडी वासे उरलेले नाहीत. स्लॅबच्या घरात लाकूड लागते ते चौकटींना, दारांना, खिडक्यांना आणि कपाटांना. शिवाय स्लॅब ओतताना सेंटरिंगच्या बल्ल्यांना. या प्रत्येक जागेची मागणी निराळी असते. मुख्य दाराची चौकट ऊन, पाऊस आणि वाळवी अशा तिन्ही शत्रूंच्या तोंडी असते. आतल्या खोलीच्या चौकटीला त्यातला एकच, वाळवी. न्हाणीघराच्या दाराला लाकूड लावूच नये, तिथे ग्रॅनाइटची किंवा सिमेंटची चौकट आणि पीव्हीसीचे दार चांगले. पंख्याच्या वाऱ्याखालच्या कपाटाला लागते ते न वाकणारे लाकूड, मग ते मजबूत नसले तरी चालते. घरभर एकच लाकूड वापरण्याची पद्धत या दृष्टीने खर्चिक आहे. सेंटरिंगच्या बल्ल्यांकडे तर कुणाचेच लक्ष नसते. दोन तुकडे जोडून केलेली वाकडी निलगिरीची बल्ली ओल्या काँक्रीटच्या वजनाखाली सरकली तर काय होते, हे सांगायला नको. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक सांगते. ठेकेदाराला बल्ल्या पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून ही मुदत पाळली जाते की नाही ते घरमालकानेच पाहावे.

परभणीचे हवामान लाकडाची परीक्षा पाहणारे आहे. मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, हवा हाडासारखी कोरडी होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट होते आणि हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या परिसरात तापमान एक आकडी होते. लाकूड या चक्राबरोबर पाणी शोषते आणि सोडते, फुगते आणि आक्रसते. ही हालचाल कोणत्याही वार्निशने पूर्ण थांबत नाही. पण आधीच वाळविलेल्या लाकडात ती मर्यादेत राहते. ओल्या लाकडाची चौकट भिंतीत बसविली, की तिचे वाळणे भिंतीतच सुरू होते. ती पिळवटते आणि प्लास्टरला सोडते. बांधकामाच्या लाकडात किती ओलावा चालेल हे ठरविण्यासाठी भारतीय मानक संस्थेने हवामानानुसार देशाचे विभाग पाडले आहेत. कोकणात जे लाकूड वाळलेले म्हणून चालेल, ते मराठवाड्यात ओले ठरू शकते. कोकणातून किंवा मुंबईतून तयार दारे आणून इथे बसविणाऱ्यांना हा अनुभव पहिल्या उन्हाळ्यातच येतो.

दार अडकले की सुताराला बोलावून रंधा मारून घेणे ही सर्वांची सवय. पण काळ्या जमिनीवरच्या घरात दोष दर वेळी लाकडाचा असेलच असे नाही. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; पाया पुरेसा खोल नसेल तर घर हलते आणि चौकट तिरकी होते. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी भेग गेली असेल, तर पायाची पाहणी करावी. भिंत धड आहे आणि दार केवळ श्रावणात अडकते, उन्हाळ्यात सैल होते, असे असेल तर लाकूड ओले होते असे समजावे. रंधा मारण्यापूर्वी एवढी पारख केली तरी दार उन्हाळ्यात फटीसकट उघडे पडण्याची वेळ टळेल.

आता सागाकडे येऊ. सागाची कीर्ती खोटी नाही. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेले आणि वाळवीला नकोशी द्रव्ये असतात, आणि तो इतर कठीण लाकडांच्या मानाने कमी आक्रसतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-बल्लारशाहचा साग निवडला गेला तो याच गुणांमुळे. पण हे सारे गुण गाभ्याचे आहेत. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात ते नसतात. सागाचा पांढरा भाग वाळवी इतर कुठल्याही लाकडाइतक्याच आवडीने खाते. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग मोठा असतो आणि रंग चढविला की तो ओळखू येत नाही. म्हणून वखारीत फळीच्या लांबीकडे पाहण्याआधी तिच्या कापलेल्या डोक्याकडे पाहावे. तिथे पांढरा पट्टा दिसला तर भाव सागाचा आणि माल भलताच, हे उघड आहे.

नावांचा गोंधळ निराळाच. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातल्यानंतर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील लागवडीचा साग भारतात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. तो जातीने सागच आहे, दर्जा मात्र मळ्यागणिक बदलतो. पण ‘आफ्रिकन टीक’ या नावाने इरोको नावाचे दुसरेच झाडही विकले जाते, आणि ‘मलेशियन साल’ म्हणून मिळणारे लाकूड मध्य भारतातील सालवृक्षाचे नसते. ही लाकडे वाईट आहेत असे नव्हे. आतल्या चौकटींना त्यांतली काही उत्तम चालतात. गिऱ्हाइकाने जे आहे त्याचा भाव द्यावा, नावाचा देऊ नये, एवढेच. देशी सागाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. किनवट-माहूरच्या जंगलातून सागाची चोरटी तोड ही जुनी व्यथा आहे. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा साग घरात लावणे म्हणजे स्वतःच्या दारावर पंचनाम्याला आमंत्रण देणे. वनविभागाच्या हातोड्याचे निशाण आणि वाहतूक परवाना यांची चौकशी करण्यात संकोच नको.

मापातली गंमतही समजून घ्यायला हवी. उंबरठा नसलेली, सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद चौकट घेतली, तर साडेसतरा फूट लाकूड लागते. पाच बाय तीन इंचांच्या मापाने ते १.८२ घनफूट भरते. हातात मिळणारा नग रंधून पावणेपाच बाय पावणेतीन इंचांचा असेल, तर प्रत्यक्षातले लाकूड १.५९ घनफूट, म्हणजे जवळपास तेरा टक्के कमी. सहा चौकटींच्या घरात ही तूट एका चौकटीच्या तीन चतुर्थांशाहून अधिक होते. रंधण्यातली घट व्यापारात मान्य असते हे खरे, पण पैसे कोणत्या मापाचे द्यायचे हे सौदा करतानाच ठरले पाहिजे. जाता जाता : जुन्या घरांतला उंबरठा केवळ लक्ष्मीसाठी नव्हता. चौकटीचे दोन्ही पाय तो एकमेकांना बांधून ठेवी. आता उंबरठा गेला आहे आणि मोकळे पाय थेट फरशीच्या ओलीत टेकतात. ते पाय फरशीपासून किंचित वर ठेवणे, भिंतीत जाणाऱ्या बाजूला डांबर लावणे आणि पाया भरतानाच जमिनीवर वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया करणे, ही तीन कामे लाकडाच्या जातीपेक्षा अधिक आयुष्य देतात. जुने मशीनचे काळे तेल फासण्याची गावोगावची पद्धत मात्र वरवरची आहे. ते आत मुरत नाही.

आता बांधावरच्या बाभळीकडे. सागापेक्षा ती जड आहे, कठीण आहे आणि आघात सोसण्यात त्याला मागे टाकते. बैलगाडीच्या चाकाचे आरे, वखर, तिफण या सर्वांसाठी इथल्या सुताराने पिढ्यान्‌पिढ्या हीच निवडली, ती काही नाइलाजाने नव्हे. तिचे दोषही तितकेच खरे आहेत. खोड वाकडे, लांबी कमी, वाळल्यावर कापायला जिकिरीची, उन्हात घाईने वाळविली तर तडकणारी, आणि तिच्या पांढऱ्या भागाला भुंगा लागतो. जुने लोक यावर उपाय जाणून होते. हिवाळ्यात तोडायची, ओंडके विहिरीत किंवा तळ्यात काही महिने बुडवून ठेवायचे म्हणजे भुंग्याला हवा असलेला रस निघून जातो. मग कापून, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचायची आणि टोकांना शेण किंवा डांबर लावायचे. तीन इंची चौकटीला असे वाळायला वर्षभर लागते. कडुनिंबाचेही तसेच. त्याचा कडवटपणा किडीला दूर ठेवतो, आतल्या चौकटी आणि कपाटांचे सांगाडे त्याचे चांगले होतात. पण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे मोठ्या फळ्या पिळवटतात. दाराच्या झडपांसाठी तो घेऊ नये. वेडी बाभूळ या दोघांत मोजू नये, तिचे सरळ लाकूड क्वचितच निघते.

सागाच्या हट्टापायी या दोन झाडांचे काय होते आहे? बांधावरची पंधरा-वीस वर्षांची बाभूळ शेतकऱ्याला अडचण वाटते, ट्रॅक्टर वळत नाही. व्यापारी येतो, टनावर सौदा करतो आणि ती सरपणात जाते. महामार्गाच्या रुंदीकरणात पडलेल्या जुन्या कडुनिंबांचेही बहुतेक तेच झाले. महाराष्ट्रातील १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह आदी सोळा प्रजाती आहेत. बाभूळ आणि कडुनिंब त्यात नाहीत. म्हणजे ग्रामीण भागात खासगी शेतातील या झाडांचा वापर करताना कायद्याची अडचण तुलनेने कमी आहे. शहर हद्दीत मात्र १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो आणि तिथे प्रत्येक झाडासाठी परवानगी हवी. जे झाड सुताराकडे जाऊ शकते ते भट्टीत जाते आणि त्याच गावातील घरकुलाची चौकट हजारो मैलांवरून येते, हा व्यवहार कोणाच्या हिताचा आहे?

प्लायवूड आणि फ्लश दारांनी या पेचातून सुटका केली, असे शहरी ग्राहकाला वाटते. काही अंशी ते खरे आहे. कोरड्या खोलीतल्या दाराला आणि कपाटाला चांगले प्लायवूड सागाच्या फळीपेक्षा कमी वाकते. मात्र ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द छापायला काही लागत नाही. सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी ३०३, मरीन प्लायवूडसाठी ७१० आणि फ्लश दारांसाठी २२०२ हे मानक क्रमांक आहेत, आणि ते भारतीय मानक चिन्हाशेजारी परवाना क्रमांकासह छापलेले असावे लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये या वस्तूंना हे चिन्ह सक्तीचे करणारा केंद्राचा आदेश अमलात आला. छोट्या उद्योगांना त्यासाठी जादा मुदत मिळाली. दुकानदाराला क्रमांक विचारणारा ग्राहक मात्र अजून दुर्मीळ आहे.

बाभळीचे घोडे अडते ते वाळविण्यापाशी. घर बांधणाऱ्याला वर्षभर थांबायला वेळ नसतो आणि सुताराला वर्षभर माल अडकवून ठेवायला भांडवल नसते. हे काम कुणीतरी मध्ये उभे राहून करायला हवे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने लाकूड वाळविण्यासाठी सौरभट्टी विकसित केली, त्याला बरीच दशके लोटली. काचेचे किंवा प्लास्टिकचे छत, आत हवा फिरविणारे पंखे आणि ओलावा बाहेर सोडणाऱ्या झडपा, एवढाच तिचा संसार. उघड्यावर जे लाकूड वाळायला महिने लागतात, ते तिच्यात त्याच्या काही अंशात वाळते. आतल्या कामाचे लाकूड बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडविले, तर भुंगा आणि वाळवी या दोन्हींना अटकाव होतो. पावसात हे क्षार धुऊन जातात, म्हणून ते बाहेरच्या दाराला उपयोगी नाही. परभणीत उन्हाचा तोटा नाही, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, बचत गट आहेत, आणि घरकुलांमुळे एकसारख्या मापाच्या चौकटींची मागणीही आयती उपलब्ध आहे. एका तालुक्यासाठी एक भट्टी उभारून घरकुलाच्या चौकटी बाभळीच्या आणि लिंबाच्या पुरविण्याचा प्रयोग जिल्हा परिषदेने करून पाहण्याजोगा आहे. शासकीय अंदाजपत्रकात त्या मापाचा आणि दर्जाचा स्पष्ट उल्लेख आला, तर ठेकेदारालाही पळवाट राहणार नाही.

बाभूळ तोडण्याचा हंगाम मार्गशीर्ष-पौषाचा. त्या थंडीत तोडून पाण्यात टाकलेले ओंडके उन्हाळ्याच्या तोंडाशी बाहेर निघतात, आणि सावलीत रचलेल्या चौकटी पुढच्या वर्षीचे पाऊसपाणी सरता सरता बसवायला तयार होतात. टनावर भाव करणारा व्यापारीही नेमका त्याच हंगामात बांधावर येतो.